वायव्य मुंबई, १९७७: कायदामंत्री पडले, वकील निवडून आला. पण संसदेत वकिलाचा अशील कोण?

उलटतपासणी (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर "संसदेत वकील जास्त हवेत की शेतकरी, शिक्षक, डॉक्टर" अशी नेहमीची जुगलबंदी झाली. तिथे एकाने लिहिलं होतं, "कायदे करायचे तर कायदा कळणाराच माणूस हवा." ऐकायला बिनतोड. मला मात्र ते वाचल्यापासून एकच निवडणूक आठवत राहिली आहे: १९७७ ची वायव्य मुंबई.

एकीकडे हरी रामचंद्र गोखले. १९६२ ते ६६ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मग राजीनामा. १९७१ ला याच मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि पहिल्याच खेपेला केंद्रीय कायदामंत्री झाले. दुसरीकडे राम जेठमलानी. सिंधमधल्या शिकारपूरचे, अठराव्या वर्षी खास परवानगीने सनद मिळालेले, फाळणीनंतर निर्वासित म्हणून मुंबईत आलेले फौजदारी वकील. नानावटी खटल्यात (नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला, आहुजाला, गोळी घातली तो) हा माणूस मृत आहुजाच्या बहिणीच्या वतीने कामकाजावर लक्ष ठेवायला बसला होता. तिथून नाव झालं.

आणीबाणीत जेठमलानी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. केरळमध्ये केलेल्या भाषणावरून त्यांच्यावर अटक वॉरंट निघालं. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने नानी पालखीवालांसह तीनशेहून अधिक वकील उभे राहिले आणि वॉरंटला स्थगिती मिळाली. पुढे २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल आला. आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध कोर्टात दादच मागता येणार नाही म्हटल्यावर त्या स्थगितीचा काय उपयोग? जेठमलानी देश सोडून गेले. १९७७ चा उमेदवारी अर्जही त्यांनी परदेशात असतानाच भरला. मार्चमध्ये मतदान झालं आणि विद्यमान कायदामंत्री त्यांच्याकडून पडले.

आता मुद्द्याचं. कायद्याच्या ज्ञानात गोखले तसूभरही कमी नव्हते. तरीही ऑगस्ट १९७५ च्या तारखा बघा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच देता येऊ नये अशी ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. ८ ला राज्यसभा. ९ ला राज्यांच्या विधानसभा. १० तारखेला, रविवारी, राष्ट्रपतींची सही. ११ ला अ‍ॅटर्नी जनरल कोर्टात उभे राहून सांगायला मोकळे, की हा खटला आता चालूच शकत नाही.

इतक्या घाईतही मसुदा पक्का होता. पूर्वलक्षी प्रभाव, आधीचा निकाल निष्प्रभ, चालू अपीलही निकालात. कायदा न कळणाऱ्या माणसाला हे जमलंच नसतं. म्हणून माझा प्रश्न असा: कोर्टात वकिलाच्या हातात सही केलेला वकालतनामा असतो. आपला अशील कोण, समोरचा कोण, वर बसलेलं कोण, सगळं ठरलेलं असतं. संसदेत गेल्यावर तो कुणाच्या वतीने उभा असतो? मतदारसंघ, पक्ष, सरकार, राज्यघटना, की जुने अशीलच?

माझं मत: वकील चांगला खासदार होतो की नाही हे तो किती मोठा वकील होता यावर ठरतच नाही. वकालतनामा कुणाचा घेतला यावर ठरतं. मुद्दे खोडा, उदाहरणं आणा.

(चालू राजकारणावर कृपया नको. त्याला दुसरे धागे आहेत.)

---

फटकळ

थोडक्यात उत्तर: पक्षाचा. व्हिप निघाला की वकील काय आणि कंपाउंडर काय, हात एकाच दिशेला वर.

---

नीलाक्षी_पुणे

धागा आवडला, पण गोखल्यांवर जरा एकतर्फी अन्याय होतोय. त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातली, आणीबाणीतली ४२ वी घटनादुरुस्ती म्हटलं की सगळे नाक मुरडतात. मुरडावंच असं तिच्यात भरपूर आहे हे मान्य. पण अनुच्छेद ३९-क, गरिबाला मोफत कायदेशीर मदत, हा त्याच दुरुस्तीतून आला. आज प्रत्येक जिल्हा न्यायालयात जे विधी सेवा प्राधिकरण दिसतं त्याचं मूळ तिथे आहे. पर्यावरणाचा ४८-क सुद्धा तिथलाच. १९७७ नंतर जनता सरकारने बरंच काही पुसलं, पण याला हात लावला नाही. एकोणसाठ कलमांच्या त्या कायद्यात एका कोपऱ्यात का होईना, कोर्टात रोज गरीब पक्षकार बघितलेला माणूस दिसतोच.

---

कोर्टाची_पायरी

नीलाक्षीताईंना दुजोरा, आणि एक भर.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी-फौजदारी दोन्ही करतो. आमच्या रोजच्या कामात गोखले भेटतात, फक्त नाव कुणाला ठाऊक नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेची १९७६ ची मोठी दुरुस्ती त्यांच्याच मंत्रालयाच्या काळातली, लागू झाली १ फेब्रुवारी १९७७ पासून. म्हणजे निवडणूक हरायच्या दीड महिना आधी. त्यापूर्वी दुसरं अपील म्हणजे मोकळं रान होतं. बांधाच्या भांडणात दोन कोर्टं हरलेला माणूस "कायद्याचा प्रश्न आहे" म्हणत थेट उच्च न्यायालयात. दुरुस्तीनंतर कलम १०० खाली कायद्याचा "सारभूत" प्रश्न लागतो, आणि तो न्यायमूर्तींनी आधी शब्दांत मांडावा लागतो. त्याशिवाय अपील दाखलच होत नाही. आजही अपिलाचा मेमो करताना आमचे ज्युनिअर सर्वांत जास्त वेळ त्या एका प्रश्नाच्या शब्दरचनेवर घालवतात.

ही दुरुस्ती अनुभवातून आली आहे. बाहेरच्या माणसाला "खटले तुंबले आहेत" एवढंच दिसतं. नक्की कुठल्या नळीत गाळ आहे ते आत काम केलेल्याला कळतं.

तेव्हा उलटतपासणीसाहेब, तोच माणूस, तेच मंत्रालय, दोन वर्षांच्या आत ३९ वी दुरुस्तीही करतो आणि कलम १०० ही सुधारतो. तुमचा "वकालतनामा कुणाचा" हा प्रश्न मला पटतो, पण एका माणसाच्या हातात एका वेळी दोन वकालतनामे असू शकतात हेही लिहून ठेवा.

---

उलटतपासणी

@कोर्टाची पायरी: कलम १०० चं हे माहीत नव्हतं, धन्यवाद. दोन वकालतनाम्यांचं मान्य. पण जेव्हा दोन्ही अशिलांचं हित एकमेकांच्या आड आलं तेव्हा कुठला ठेवला? वकिलाला अशा वेळी एक काम सोडावं लागतं. जून ७५ ते मार्च ७७ या काळात कायदामंत्रिपद सोडायला कारणं कमी नव्हती. जानेवारी १९७७ मध्ये न्या. एच. आर. खन्ना यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांचा दोष एवढाच की जबलपूर खटल्यात पाचपैकी एकट्यांनी वेगळा निकाल दिला होता. त्या खटल्यातला खन्नांचा प्रश्न सगळ्यांना आठवत असेल: पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही? अ‍ॅटर्नी जनरल नीरेन डे यांचं उत्तर होतं की सरकारी युक्तिवाद धरून चाललं तर नाही, आणीबाणी असेपर्यंत नाही. डे यांना मी फार दोष देत नाही, त्यांचा अशील ठरलेला होता. मंत्र्याचा तसा नसतो.

---

मुक्काम_पोस्ट

आणीबाणी लावायचा सल्ला कायदामंत्र्यांनी दिलेला नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. तो सल्ला सिद्धार्थ शंकर रे यांचा. तेही बॅरिस्टर, आणि तेव्हा पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक २६ च्या सकाळी. म्हणजे मंत्र्यांपुढे आला तो झालेला निर्णय.

---

फटकळ

वा. म्हणजे घरच्या वकिलाला न विचारता शेजारच्या वकिलाकडून नोटीस पाठवली.

---

वाडीकर

एवढा धागा झाला आणि बॅरिस्टरांचं नाव नाही? आमच्याकडे नुसतं "बॅरिस्टर" म्हटलं की नाथ पै. वेंगुर्ल्याचा जन्म, बेळगावात वाढले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर. १९५७, ६२, ६७ असं तीनदा राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं, प्रजासमाजवादी पक्षाकडून. त्या पक्षाकडे ना पैसा ना सत्ता. माझे आजोबा सांगायचे की त्यांचं भाषण आहे म्हटल्यावर लोक कंदील घेऊन दोन-दोन गावं चालत जायचे आणि परत येताना भाषणातली वाक्यं म्हणत यायचे.

कोर्टात त्यांनी किती कामं चालवली हा प्रश्नच कुणी विचारला नाही. त्यांचं कोर्ट लोकसभा हेच. आणि अशील कोण म्हणाल तर कोकणातला माणूस: रस्ता नाही, रेल्वे नाही, मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर आली तर चूल पेटणार. कोकण रेल्वेचा विषय ते दिल्लीत सतत लावून धरत. पुढे मधू दंडवत्यांनी तो ओढला, आणि गाडी प्रत्यक्ष धावायला १९९८ उजाडलं.

धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे नाथ पै विधेयक. त्यावर लिहिणार होतो, पण इथे कुणाला त्यात रस आहे का ते आधी सांगा.

---

नीलाक्षी_पुणे

आहे हो. लिहा. वाट बघतेय.

---

उलटतपासणी

वाडीकर, लिहाच. त्या विधेयकाचं वायव्य मुंबईशी नातं आहे.

---

वाडीकर

बरं, ऐका तर.

२७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. पंजाबातल्या एका कुटुंबाची जमीन कमाल धारणा कायद्यात जात होती, त्यावरून तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करताच येणार नाही. जमीन सुधारणांवर राजकारण उभं असलेल्या समाजवाद्यांना हे झोंबणं साहजिक होतं.

७ एप्रिल १९६७ ला नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं: संसदेला घटनेचा कुठलाही भाग, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्त करण्याचा अधिकार आहे हे स्पष्ट करणारं. चारच दिवसांनी गोलकनाथ निकाल देणारे सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. न्यायाधीश राजकारणात आणि बॅरिस्टर घटनेत, असा तो महिना.

खासगी विधेयकाची गत माहीत आहे ना? महिनाभर आधी नोटीस, मग चिठ्ठीत नंबर लागला पाहिजे, आणि वेळ कुठली तर शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास. निम्मे खासदार तोवर विमानतळाच्या वाटेवर. घटनादुरुस्तीचं असेल तर मांडण्याआधी समितीची वेगळी चाळणी. एवढं करूनही हे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर चर्चा झाली. विरोधात कोण? पालखीवाला. त्यांचं म्हणणं, आज तुमचा हेतू चांगला आहे हो, पण दार एकदा उघडलं की उद्या कोण आत येईल ते तुमच्या हातात नाही.

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच संपलं. पुढच्या तीन आठवड्यांत बॅरिस्टरही गेले. १७ जानेवारीला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत भाषण केलं आणि १८ तारखेला हृदयविकाराने गेले. वय अठ्ठेचाळीस.

---

उलटतपासणी

आणि तेच विधेयक थोडं वेगळं होऊन जुलै १९७१ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती म्हणून परत आलं. मांडणारे कायदामंत्री कोण? गोखले. नाथ पैंनी विरोधी बाकावरून एकट्याने मांडलेलं तत्त्व गोखल्यांनी प्रचंड बहुमताच्या जोरावर कायद्यात आणलं. नोव्हेंबर ७१ मध्ये ते अमलात आलं. चार वर्षांनी ३९ वी दुरुस्ती झाली ती याच उघडलेल्या दारातून.

पालखीवालांचं भाकीत इतक्या लवकर खरं ठरेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

---

वाडीकर

थांबा, थांबा. दाराचं खापर बॅरिस्टरांवर फोडू नका. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेवर त्यांचा विश्वास होता, आणि तो गैर नव्हता. कुळाला जमीन मिळायची असेल तर जमीनदाराचा मालमत्तेचा हक्क कुठेतरी आड येणार, हे त्यांनी कोकणात खोतीच्या प्रदेशात राहून पाहिलेलं. पालखीवालांचे अशील कोण होते तेही बघा की जरा. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्धचा खटला कुणाच्या बाजूने लढवला त्यांनी? संस्थानिकांच्या तनख्यांचा? त्यांचा अशील कधी कूळ नव्हता.

---

कोर्टाची_पायरी

@वाडीकर: शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण म्हणून युक्तिवाद चुकीचा ठरत नाही. पैसेवाल्या अशिलासाठी केलेला युक्तिवाद गरिबाच्या कामी येतो, असं आमच्या धंद्यात रोज घडतं. केशवानंद भारती खटला घ्या, तोही पालखीवालांनीच लढवला. केशवानंद हे एका मठाचे स्वामी. त्यांची तक्रार मठाच्या जमिनीची. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा मतांनी "मूलभूत चौकट" जन्माला आली, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येणार नाही हे तत्त्व. ३९ व्या दुरुस्तीतलं पंतप्रधानांच्या निवडणुकीचं कलम नोव्हेंबर ७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर रद्द केलं, तेही आणीबाणी चालू असताना. (इंदिराबाईंची निवडणूक मात्र वैध ठरली. निवडणूक कायदाच मधल्या काळात बदलून ठेवला होता!) मठाची जमीन वाचली नाही, पण घटना वाचली.

नाथ पैंचा हेतू शंभर टक्के निर्मळ. माझी अडचण वेगळी आहे. कायदा लिहिणाऱ्याने तो आपल्या शत्रूच्या हातात पडणार असं गृहीत धरून लिहावा. मृत्युपत्र करतानासुद्धा आम्ही भाऊ भांडणारच असं धरून मसुदा करतो. सगळे गुण्यागोविंदाने राहणार असतील तर मृत्युपत्र कशाला हवं?

---

वाडीकर

हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

---

संपादक मंडळ

विद्यमान खासदारांच्या नावाने आलेले काही प्रतिसाद काढले आहेत. धागा चांगला चाललाय, तो तसाच राहू द्या.

---

दुपारची_झोप

जेठमलानींवर कुणीच बोलत नाही. शीर्षकात तेच जिंकलेत ना?

माझे वडील तेव्हा त्या मतदारसंघात राहायचे. त्यांचं म्हणणं, मत जेठमलानींना दिलं असं नाहीच, आणीबाणीविरुद्ध दिलं. समोर दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. १९८० मध्ये लाट उलटली तरी जेठमलानींनी जागा राखली, तेव्हा मात्र वडील म्हणाले की हे त्यांचं स्वतःचं. १९८४ ला सुनील दत्तने पाडलं. वकील गेला, नट आला, आणि मतदारसंघ त्यावर खूश होता.

---

मुक्काम_पोस्ट

जेठमलानींची खासदारकी मला त्यांच्या वकिलीपेक्षा जास्त गोंधळात टाकते. कोर्टात ते कुणाचंही वकीलपत्र घ्यायचे आणि अभिमानाने सांगायचे की आरोपीला वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, न्याय मी करत नाही. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात अपिलात उभे राहिले, त्यात बलबीर सिंग सुटला. पक्ष नाराज, लोक नाराज, हे हटले नाहीत. याला हिंमत लागते.

हाच माणूस १९७८ मध्ये खासदार म्हणून काय मागतो? विशेष न्यायालयं! आणीबाणीत सत्तेचा गैरवापर करणाऱ्यांवर वेगाने खटले चालावेत म्हणून स्वतंत्र कोर्टं हवीत, अशी त्यांची खासगी विधेयकाची मोहीम होती. पुढे सरकारने विषय हाती घेतला, राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं, १९७९ मध्ये कायदाही झाला. १९८० ला सत्ता फिरली आणि त्या कोर्टांतून काही निष्पन्न झालं नाही.

जन्मभर "आरोपीला नेहमीची प्रक्रिया मिळालीच पाहिजे" म्हणणाऱ्या फौजदारी वकिलाने वेगळी प्रक्रिया मागावी? मला आजही हे नीट उलगडत नाही.

---

कोर्टाची_पायरी

उलगडतं की. त्या वेळी ते आरोपीचे वकील नव्हते, फिर्यादी होते. स्वतः वॉरंट झेललेला, देश सोडावा लागलेला फिर्यादी. चांगल्यात चांगला वकीलही स्वतःच्या खटल्यात वाईट सल्ला देतो, म्हणून तर आम्ही स्वतःची कामं दुसऱ्याकडे देतो.

---

नीलाक्षी_पुणे

या सगळ्यात खरा नंबर शांती भूषण यांना द्यायला हवा, असं मला वाटतं. अलाहाबादला राज नारायण यांच्या बाजूने इंदिरा गांधींविरुद्धचा खटला त्यांनीच लढवला. १९७७ मध्ये कायदामंत्री झाले ते थेट गोखल्यांच्या खुर्चीवर. आता हिशेब चुकते करायला केवढा वाव होता! पण १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती वाचा. आणीबाणीसाठी "अंतर्गत अशांतता" पुरेशी होती, तिथे "सशस्त्र उठाव" घातलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही. म्हणजे २५ जूनच्या रात्रीला थेट कुलूप. अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत. म्हणजे खन्नांच्या प्रश्नाला घटनेतच उत्तर.

कुठल्या फटीतून पाणी आत आलं ते त्यांनी कोर्टात उभं राहून पाहिलं होतं, आणि नेमक्या त्याच फटी बुजवल्या. आणि गंमत, मालमत्तेचा मूलभूत हक्कही याच दुरुस्तीने काढला. वाडीकरांच्या बॅरिस्टरांना हेच तर हवं होतं, बाकीचे हक्क न दुखावता.

---

वाडीकर

नीलाक्षीताई, नेमकं बोललात. हे वाचायला बॅरिस्टर हवे होते.

---

फटकळ

सगळं छान. पण आजच्या वकील-खासदारांचं काय? सकाळी सर्वोच्च न्यायालयात कंपनीसाठी लाखोंची फी, दुपारी त्याच कंपन्यांवरच्या विधेयकावर भाषण. हे चालतं?

---

मुक्काम_पोस्ट

चालतं. २५ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. याचिका अशी होती की खासदार-आमदारांना वकिली करायला बंदी घाला. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकर वकिली करू शकत नाही. कोर्ट म्हणालं, लोकप्रतिनिधीला वेतन मिळत असलं तरी तो कुणाचा नोकर नाही, म्हणून हा नियम लागू होत नाही. बार कौन्सिलला वेगळा नियम करायचा तर तिने करावा.

मंत्री झाल्यावर सनद बाजूला ठेवायची हा प्रघात आहेच. अरुण जेटलींनी तर २००९ मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाल्यावर, मंत्री नसतानाही, वकिली थांबवली. त्यांचं राजकारण कुणाला आवडो न आवडो, हे मला नीट वाटतं. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे आणि तिच्यात व्यावसायिक कामही लिहावं लागतं. ती कोण उघडून बघतं हा पुढचा प्रश्न.

---

उलटतपासणी

फटकळ, तुमच्या प्रश्नाच्या नेमकं उलट असं एक दृश्य सांगतो. मे १९९३. न्या. व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत. प्रस्ताव मांडणारे सोमनाथ चॅटर्जी, स्वतः बॅरिस्टर आणि खासदार. न्यायमूर्तींचा बचाव करायला सभागृहाच्या कठड्याशी उभे राहिले कपिल सिब्बल, तेव्हा खासदार नसलेले, निव्वळ वकील. तासन्‌तास युक्तिवाद झाला. मतदान: बाजूने १९६, विरोधात शून्य, आणि २०५ तटस्थ. काँग्रेस तटस्थ राहिली आणि प्रस्ताव पडला.

सिब्बलांच्या युक्तिवादाने किती जणांचं मन वळलं? मला वाटतं एकाचंही नाही, निर्णय बाहेर झाला होता. कोर्टात न्यायाधीश तुमचं ऐकून मत बनवतो, निदान तशी अपेक्षा असते. सभागृहात लोक मत घरून घेऊन येतात. मोठमोठे वकील संसदेत फिके पडतात त्यामागे मला हे एक मोठं कारण दिसतं: त्यांच्या हातातलं मुख्य हत्यार तिथे चालतच नाही. समितीत बसून कलम कलम वाचणारा, परंतुकात काय लपलंय ते हेरणारा वकील तिथे जास्त उपयोगी. पण त्याला टीव्हीवर कोण दाखवणार?

---

दुपारची_झोप

असा एखादा सांगा ना मग, ज्याला टीव्हीवर कुणी दाखवलं नाही.

---

कोर्टाची_पायरी

सांगतो. आनंद नारायण मुल्ला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, उर्दूतले नावाजलेले शायर. पोलीस दलाला गुन्हेगारांची संघटित टोळी म्हणणारा तो गाजलेला शेरा त्यांचाच. १९६७ ला लखनौमधून अपक्ष निवडून आले. मागे पक्ष नाही, व्हिप नाही.

फौजदारी अपिलात एक जुनी अडचण होती. सत्र न्यायालयाने सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने दोषी धरून जन्मठेप दिली तर सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क त्याला नव्हता. उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र दिलं किंवा वर परवानगी मिळाली तरच. फाशी झाली असेल तर हक्काचं अपील, जन्मठेपेला नाही. विचार करा, ज्या कोर्टाने माणसाला पहिल्यांदा दोषी ठरवलं त्याच्या निकालावर एकही हक्काचं अपील नाही. मुल्लांनी १९६८ मध्ये खासगी विधेयक आणलं: निर्दोष सुटका उलटवून जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली असेल तर थेट अपिलाचा हक्क. १९७० मध्ये त्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी विधेयकांतून फक्त चौदा कायदे झाले, त्यातला हा शेवटचा. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांत एकही नाही. २०१५ मध्ये तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं, तेही लोकसभेत अडकलं.

मुल्लांचा अशील बघा. सुटलेला आणि परत पकडलेला आरोपी. त्याची ना मतपेढी, ना संघटना, आणि त्याच्या बाजूने बोललं म्हणून लखनौत एक मत वाढणार नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाच ही फट दिसणार.

आमच्या बार रूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा निम्म्यांना वाटत होतं की तो हक्क ब्रिटिशांपासूनच आहे. १९७३ च्या फौजदारी संहितेत तो कलम ३७९ म्हणून होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत क्रमांक बदललाय. आता तो कलम ४२० आहे. हसू नका, खरंच आहे, उघडून बघा.

---

फटकळ

हसलो.